जॉन्सननी एरहार्डना टोपी घातली, ती नक्की कोणत्या अर्थाने?

चष्मिष्ट (धागाकर्ता)

मंडळी, गेल्या आठवड्यात शीतयुद्धाच्या काळातले जुने फोटो बघत बसलो होतो. त्यातला एक काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

डिसेंबर १९६३. पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर लुडविग एरहार्ड. गोल चेहरा, भरलेलं अंग, एरवी सिगारशिवाय न दिसणारा माणूस. आणि डोक्यावर टेक्ससच्या गुराख्यांची ती रुंद काठाची टोपी! देणारे अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन, ताडमाड उंच, नवी सोयरीक जुळल्यासारखे खूश. एरहार्डही खुशीत.

कॅनेडींची हत्या होऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते. एरहार्ड कॅनेडींना भेटायला जायचे होते, ते गेले अंत्ययात्रेला. मग जॉन्सननी त्यांना थेट स्वतःच्या घरी, टेक्ससमधल्या रँचवर बोलावलं. अध्यक्ष झाल्यावर घरी पाहुणचार केलेला हा पहिला परदेशी नेता. २९ तारखेला, रविवारी, बार्बेक्यू ठरला होता. पण थंडी कडाक्याची, म्हणून पंगत जवळच्या स्टोनवॉल गावातल्या शाळेच्या व्यायामशाळेत हलवली. तीनेकशे पानं. गवताचे भारे रचून सजावट. व्हॅन क्लायबर्नसारखा नामांकित पियानोवादक त्या व्यायामशाळेत वाजवतोय आणि स्थानिक मुलामुलींचा चमू टेक्ससचं गाणं जर्मनमध्ये म्हणतोय.

आता पुढचं दृश्य. सप्टेंबर १९६६, वॉशिंग्टन. तेच दोघे. एरहार्ड देण्यांमध्ये सवलत मागायला आलेत. मित्र आहे, ऐकेल. मित्र ऐकत नाही. सव्वादोन महिन्यांत एरहार्ड घरी.

तर प्रश्न असा: एरहार्ड भोळे होते का? आणि मोठ्या देशांच्या नेत्यांची ही 'मैत्री' खरंच कधी कामाला येते का, की टोपी ही शेवटी टोपीच? माझं मत: येत नाही. आडेनाउअरपासून कोलपर्यंत जर्मन चॅन्सेलरांची उदाहरणं घेऊन मला खोडून काढा.

रिकामटेकडा

पहिला! चणे-फुटाणे घेऊन बसलोय. चालू द्या.

तिरपागडे

ही तर हुरडा पार्टी झाली की राव. आपल्याकडे शेतावर बोलावतात, कोवळं कणीस भाजून हातात देतात, शेंगदाण्याची चटणी, गूळ, वर ताक. पाहुणा तृप्त. आठ दिवसांनी कळतं, कारखान्याच्या निवडणुकीत पॅनेल कुणाचं आणि पाठिंबा कुणाचा.

एरहार्डसाहेबांनी हुरडा खाल्ला, पॅनेल विचारायचं विसरले.

निमित्तमात्र

धागा आवडला, पण मधली तीन वर्षं गाळल्यामुळे जॉन्सन उगाच खलनायक वाटतात. थोडं पैशांचं बोलतो, कंटाळा आला तर पुढे जा.

पश्चिम जर्मनीत तेव्हा अमेरिकेचे अडीच लाखांच्या आसपास सैनिक होते. पगार डॉलरमध्ये, खर्च मार्कमध्ये. म्हणजे अमेरिकेचे डॉलर सतत जर्मनीकडे वाहत होते, आणि त्या काळच्या नियमाने परक्या देशाची मध्यवर्ती बँक ते डॉलर देऊन अमेरिकेकडे सोनं मागू शकत होती. अमेरिकेच्या तिजोरीला हा घोर लागलेला. त्यावर १९६१ साली तोडगा निघाला: जितके डॉलर फौजेपायी जर्मनीत येतील, साधारण तितक्याची शस्त्रं जर्मनीने अमेरिकेकडून घ्यायची. भरपाईचे करार म्हणा. एरहार्डच्या वेळी जो करार चालू होता तो दोन वर्षांसाठी १३५ कोटी डॉलरचा होता.

आता गंमत बघा. शस्त्रं गरज आहे म्हणून नाही, रक्कम भरायची म्हणून घ्यायची. १९६६ येईपर्यंत जर्मन लष्कराला आणखी काय घ्यावं तेच सुचेना. त्यात स्टारफायटर विमानांचा घोळ ऐन भरात. अमेरिकी बनावटीचं विमान, जर्मनीने एकूण ९१६ घेतली, वर्षानुवर्षांच्या अपघातांत २९२ गमावली, शंभरावर वैमानिक गेले. लोक त्याला 'विधवा करणारं विमान' म्हणायचे. वर मंदीची चाहूल आणि अंदाजपत्रकात खड्डा.

जॉन्सनच्या बाजूनेही बघा. व्हिएतनामचा खर्च बेफाम. ऑगस्ट १९६६ मध्ये सिनेटर मॅन्सफिल्ड ठराव आणतात की युरोपातली फौज कमी करा. अशा वेळी जॉन्सन 'बरं, राहू दे पैसे' म्हणाले असते तर सिनेटने त्यांनाच सोललं असतं. पश्चिम जर्मनीच्या राजधानीतल्या, खुद्द बॉनमधल्या अमेरिकी राजदूताने, मॅकघींनी, आधीच कळवलं होतं की फार ताणलंत तर हा माणूस पडेल. तरी ताणलं. २७ ऑक्टोबरला अंदाजपत्रकावरून मित्रपक्षाचे मंत्री बाहेर पडले आणि सरकार कोसळलं.

तेव्हा भोळेपणापेक्षा दोन घरांतल्या वाण्यांची उधारी एकाच दिवशी थकली, असं मी म्हणेन.

हायडलबर्गची सून

आधी एक किरकोळ दुरुस्ती: शेवटच्या 'ड'चा इथे 'ट' होतो. एअरहार्ट. मला स्वतःला तीन वर्षं लागली हे जिभेवर बसायला, त्यामुळे धाग्यात एरहार्ड चालवून घेऊ.

मी हायडलबर्गला राहते. २०१३ पर्यंत अमेरिकी लष्कराचं युरोपातलं मुख्यालय इथे होतं, मग ते वीसबाडेनला गेलं. गावाबाहेर त्यांची एक अख्खी वसाहत आहे, पॅट्रिक हेन्री व्हिलेज. ते गेल्यानंतर मी तिथून सायकलने जायचे. अमेरिकेतल्यासारखे रुंद रस्ते, रस्त्यांना अमेरिकी नावं, आणि माणूस नाही. पुढे तिथे निर्वासितांचं नोंदणी केंद्र झालं.

माझ्या शेजारच्या आजी १९३८ च्या. त्यांना एकदा विचारलं होतं, तुम्हाला हे परके सैनिक वर्षानुवर्षं दाराशी असल्याचा राग नाही आला? त्या म्हणाल्या, कुठले सैनिक कुणाच्या दाराशी आले ते बघ आणि मग विचार. त्यांची चुलत बहीण रशियन भागात राहिली होती. त्यापुढे त्या बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

इथे बसून 'ताबेदारी' म्हणणं सोपं आहे, एवढंच. (अजून कुणी म्हटलं नाहीये, पण येईलच कुणीतरी.)

ज्वालामुखी

आलो! :)

ताबेदारीच होती, सूनबाई. मैत्री बरोबरीच्यांत होते. ज्या देशावर तुमचे अडीच लाख बंदूकधारी आहेत, त्याच्या प्रमुखाला जेवायला बोलावलं की त्याला मैत्री म्हणायचं? आमच्या गावात इनामदार पण बैलपोळ्याला पुरणपोळी वाढायचे.

आणि धागाकर्ते, तुम्ही १९६३ पासून सुरू केलंत, मी १९४९ पासून करतो. २१ सप्टेंबर १९४९. बॉनजवळ ऱ्हाइनकाठी टेकडीवर पीटर्सबर्ग नावाचं हॉटेल, तिथे तीन विजेत्या देशांचे उच्चायुक्त बसलेले. अमेरिकेचे मॅक्लॉय, ब्रिटनचे रॉबर्टसन, फ्रान्सचे फ्रांस्वा-पोंसे. नवे चॅन्सेलर आडेनाउअर मंत्र्यांना घेऊन भेटायला येणार. ठरवून दिलेलं की तिघे साहेब गालिच्यावर उभे राहतील आणि आडेनाउअरनी गालिच्याच्या अलीकडे, उघड्या फरशीवर थांबायचं. देशाच्या निवडून आलेल्या प्रमुखाने! याला तुम्ही डिप्लोमसी म्हणता?

चष्मिष्ट

@ज्वालामुखी, अहो, पण तो किस्सा पूर्ण सांगा की! फ्रांस्वा-पोंसे स्वागताला एक पाऊल पुढे आले, आणि म्हाताऱ्याने ती संधी साधून स्वतःचा पाय सरळ गालिच्यावर ठेवला. कुणी काही बोललं नाही. बोलणार काय?

७३ वर्षांचा माणूस. चॅन्सेलर झाला तो एका मताच्या बहुमताने, आणि ते मतही त्याचं स्वतःचं. त्याआधी १९४५ मध्ये अमेरिकनांनी त्याला कोलोनचा महापौर केला, काही महिन्यांत ब्रिटिशांनी काढून टाकला. तो 'गालिच्यावर या' कुणी म्हणेल याची वाट बघत थांबला नाही. आणि सहाच वर्षांत, १९५५ ला, पश्चिम जर्मनी नाटोत. माझा मुद्दा हाच आहे. आडेनाउअरनी मैत्रीवर भिस्त ठेवली नाही, गालिच्यावर ठेवली. एरहार्डनी टोपीवर ठेवली.

रिकामटेकडा

'गालिचा विरुद्ध टोपी'. धाग्याचं नाव बदला.

अण्णा पेन्शनर

सर्वांचे प्रतिसाद वाचले. निमित्तमात्र यांनी सांगितलेला १९६६ चा जॉन्सन मला वेगळ्या वाटेने परिचयाचा आहे.

मी तेव्हा शाळेत होतो. घरात रेशनचा गहू यायचा, अमेरिकेचा, पीएल-४८० या त्यांच्या धान्यमदतीच्या कायद्याखाली आलेला. आई निवडायला बसली की पुटपुटायची. चपाती लालसर आणि वातड. (लाल मिलो आणि सुकडी म्हणतात ती बहात्तरच्या दुष्काळातली, ती वेगळी. त्या मिलोची भाकरी ज्यांनी खाल्ली ते अजून तोंड वाकडं करतात.) त्या वर्षी हा गहू वर्षाचा एकदम मंजूर होत नव्हता. जॉन्सन स्वतः लक्ष घालून थोडा थोडा सोडायचे. जहाज लागलं की धान्य थेट लोकांच्या तोंडात, मध्ये साठा नाहीच. मार्च १९६६ मध्ये इंदिराबाई वॉशिंग्टनला जाऊन आल्या, तिथेही स्वागत उत्तम झालं. जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं. डॉलर ४.७६ रुपयांचा होता तो ७.५० रुपयांना गेला. व्हिएतनामवर आपण बोललो की गव्हाची आवक मंदावायची, हे तेव्हा चहाच्या टपरीवरही ठाऊक होतं.

सांगायचं कारण, जॉन्सन यांची ही हातोटीच होती. घरी बोलावतील, खांद्यावर हात टाकतील, पोटभर वाढतील. पण भांड्यावरचं झाकण कायम त्यांच्या हातात. एरहार्ड यांच्याशी ते काही निराळं वागले असं मला वाटत नाही.

ज्वालामुखी

अण्णा, दंडवत. हेच तर म्हणतोय मी. बळी तो कान पिळी.

हायडलबर्गची सून

@ज्वालामुखी, पण मग कान पिळूनही जर्मनांनी व्हिएतनामला फौज का नाही पाठवली? डिसेंबर १९६५ मध्ये जॉन्सननी एरहार्डवर त्यासाठी दबाव टाकलाच होता. जर्मनीने काय पाठवलं? एक रुग्णालय-जहाज. हेल्गोलांड. ताबेदार माणूस इतकं गोड 'नाही' म्हणू शकतो?

ज्वालामुखी

जहाज पाठवलं ना पण? 'नाही' म्हणायचं तर नुसतं 'नाही' म्हणावं. तुम्ही तिथे राहता म्हणून तुम्हाला

(प्रतिसादाचा उर्वरित भाग काढला आहे. व्यक्तिगत होऊ नका, दोघांनाही विनंती. : संपादक)

रिकामटेकडा

चणे संपले. कुणी उठणार असेल तर माझ्यासाठीही आणा.

ऑस्टिनवासी

उशिरा आलो. ज्या रँचबद्दल चाललंय ती माझ्या घरापासून गाडीने दीड तासाच्या आत. भारतातून कुणी आलं की आम्ही नेतोच, कारण तिथे प्रवेशाला फार कटकट नाही आणि वाटेत पीच मिळतात.

दोन गोष्टी डोळ्यांनी बघितलेल्या सांगतो. घरासमोर सिमेंटच्या चौकोनी फरश्यांची रांग आहे. पाहुणे आले की ओल्या सिमेंटमध्ये त्यांच्याकडून सही करून घ्यायची, अशी जॉन्सन यांची पद्धत. 'मैत्रीचे दगड' म्हणतात त्यांना. काही अक्षरं आता पावसाने बुजत आलीत, खाली वाकून बोट फिरवलं तरच लागतात. माझी मुलगी एकेक वाचत बसली होती.

दुसरी, तिथे एक निळी मोटार ठेवलीय, पाण्यातही चालणारी. अँफिकार. जॉन्सन नव्या पाहुण्याला त्यात बसवायचे, उतारावरून तळ्याच्या दिशेने सोडायचे आणि ओरडायचे, ब्रेक लागत नाहीयेत! पाहुण्याचा जीव कंठाशी. गाडी धपकन पाण्यात, आणि मग आरामात तरंगायला लागली की हे खो-खो हसणार. आता ऐका: ती गाडी जर्मन बनावटीची.

तिसरी गोष्ट त्या मुलखाची. शेजारचं फ्रेडरिक्सबर्ग १८४६ साली जर्मन लोकांनी वसवलेलं. अजून बेकऱ्यांवर जर्मन पाट्या. जॉन्सन लहानपणापासून या जर्मन शेतकऱ्यांत वाढलेले. एरहार्डना त्या गावात नेलं तेव्हा एरहार्ड लोकांशी जर्मनमध्येच बोलले. त्यामुळे ते गाणं, तो पाहुणचार सगळा देखावा होता असं मला वाटत नाही. या माणसाला जर्मन माणूस खरोखर आवडायचा.

तिरपागडे

ब्रेक फेल झाल्याचं सांगून तळ्यात घालायचं आणि गाडी जर्मनांच्याच पैशाची. यापुढे भरपाई करारावर वेगळं काही लिहायची गरज नाही. निमित्तमात्र, तुमचा प्रतिसाद मागे घ्या.

निमित्तमात्र

घेतला. :)

पण रँचवरून आठवलं, त्या जेवणाच्या आधी तीन-साडेतीन आठवडे काय झालं होतं ते राहिलंच. कोंबड्या!

अमेरिकेतून स्वस्त कोंबड्या जर्मनीत धो-धो यायला लागल्या होत्या. १९६२ मध्ये युरोपीय समुदायाने त्यावर जकात वाढवली. अमेरिकेतले कोंबडीवाले पेटले. आडेनाउअर म्हणायचे की कॅनेडींबरोबरच्या आपल्या पत्रव्यवहारातला अर्धा कोंबड्यांवर होता. बर्लिन, अणुबॉम्ब, सगळं बाजूला. शेवटी डिसेंबर १९६३ च्या सुरुवातीला जॉन्सननी उलट जकात लावली: बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक, २५ टक्के. ट्रकमध्ये मुख्य फटका फोक्सवॅगनला. बाकीच्या जकाती गेल्या, पण ट्रकवरची कोंबडीपट्टी अजूनही आहे.

म्हणजे एरहार्ड टोपी घालून मांस खात होते तेव्हा जकातीची घोषणा झालेली होती. हे त्यांनाही माहीत होतं. ते अर्थतज्ज्ञ होते हो, चौदा वर्षं अर्थमंत्री!

तिरपागडे

नशीब, पंगतीत चिकन वाढलं नाही. (वाढलं असेल तर सांगू नका.)

वऱ्हाडी ठेचा

काऊन बे, युद्धानंतर युरोप उभा कराले अमेरिकेनं पैसा दिला, त्या मार्शल योजनेचं नाव कोणी घेईना? १९४८ मध्ये त्या पैशाचा कारभार बघाले जर्मनीत एक बँक काढली, केएफडब्ल्यू. तिनं ते पैसे वाटून मोकळं न होता कर्जानं फिरवले, परत आले की पुन्हा फिरवले. तीच बँक आता आमच्या नागपूर मेट्रोले कर्ज देऊन बसली हाय. अमेरिकेनं जर्मनीले दिलं, जर्मनीनं आमाले. मेट्रोत बसलो का मले मार्शलसाहेबाची आठवण येते. गर्दी नसते, निवांत आठवण येते.

गावाकडचा गडी

अवांतर चाललंच आहे तर: आपण सामान हलवायला 'टेम्पो' बोलावतो तो शब्दही जर्मनच. हॅम्बुर्गच्या कंपनीची तीनचाकी, नाव टेम्पो. आपल्याकडे बजाज टेम्पो कंपनी निघाली आणि गाडीचं नाव वाहनाच्या जातीला चिकटलं. कोणत्याही राजदूताने जर्मन भाषेची केली नसेल इतकी सेवा एका टेम्पोने केली.

पानगळ

मी बऱ्याच वेळापासून वाचतेय. धागाकर्त्यांनी 'खोडून काढा' म्हटलंय आणि कुणी प्रयत्नच करत नाहीये, म्हणून मी करते.

टोपी उलट्या बाजूनेही घातली जाते. मे १९८५. हेल्मुट कोल रेगनना म्हणतात, महायुद्ध संपल्याला ४० वर्षं झाली, माझ्याबरोबर बिटबुर्गच्या लष्करी दफनभूमीत या. आधीच्या वर्षी व्हर्दूनला, पहिल्या महायुद्धाच्या रणभूमीवर, कोल आणि फ्रान्सचे अध्यक्ष मितराँ हातात हात धरून उभे होते, तसं काहीतरी. रेगन हो म्हणाले. मग बातमी आली की तिथल्या सुमारे दोन हजार थडग्यांत ४९ थडगी वाफेन-एसएसच्या, म्हणजे नाझींच्या खास फौजेतल्या, सैनिकांची आहेत. अमेरिकेत आगडोंब. छळछावणीतून वाचलेले लेखक एली वीझेल यांनी व्हाइट हाऊसमध्ये, रेगनच्या तोंडावर सांगितलं की ती जागा तुमची नव्हे. प्रतिनिधिगृहाने ३९० विरुद्ध २६ मतांनी म्हटलं, जाऊ नका. कोल अडून बसले: आता रद्द केलंत तर माझी पंचाईत. आणि रेगन गेले. त्याच दिवशी आधी बेर्गेन-बेल्झेनच्या छळछावणीत गेले, मग दफनभूमीत. तिथे थांबले ते दहा मिनिटंसुद्धा नाही.

का गेले? कारण १९८३ मध्ये कोलनी लाखोंचे मोर्चे अंगावर घेऊन अमेरिकेची पर्शिंग क्षेपणास्त्रं जर्मनीत येऊ दिली होती. रेगन ते विसरले नव्हते. इथे मैत्रीचं बिल अमेरिकेने भरलं, आणि महागात भरलं. मला स्वतःला ती भेट अजिबात पटत नाही, पण धाग्याच्या प्रश्नाला ती उत्तर आहेच.

दुसरं उदाहरण मात्र मनापासून देते. २८ नोव्हेंबर १९८९. बर्लिनची भिंत पडून तीन आठवडे झालेत. कोल संसदेत उठून दोन्ही जर्मनींच्या एकीकरणाचा दहा कलमी कार्यक्रम वाचतात. त्याचा मसुदा घरी, बायकोने टाइपरायटरवर उतरवलेला. स्वतःच्या परराष्ट्रमंत्र्याला, गेन्शरना, पत्ता नाही. थॅचरबाई भडकल्या, मितराँ दुखावले. अमेरिकेचे अध्यक्ष थोरले बुश, त्यांना कोलचं पत्र पोचलं ते जवळपास भाषणाच्याच वेळेला. बुशना अपमान वाटायला पुरेपूर जागा होती. दुसऱ्या दिवशी फोन झाला, आणि बुशनी कुरकुर न करता पाठिंबा दिला. अट एकच: एकसंध जर्मनी नाटोत राहायला हवा. फेब्रुवारीत कॅम्प डेव्हिडला बसून पुढचं ठरवलं, पोलंडच्या सीमेवरून बुशनी कोलना चिमटेही काढले. ३ ऑक्टोबर १९९० ला एकीकरण झालं सुद्धा. वर्षही लागलं नाही.

बुशऐवजी कुणी शंकेखोर माणूस असता तर? मला वाटतं, भरवसा हा सुद्धा हिशेबातलाच एक आकडा असतो.

चष्मिष्ट

@पानगळ, सुंदर प्रतिसाद. पण एकसंध, नाटोतला जर्मनी अमेरिकेला हवाच होता. फायदा आणि मैत्री एकाच दिशेला असतील तर जोर कुणाचा लागला हे कसं ठरवणार? बिटबुर्गला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. तिथे रेगनचं नुकसानच होतं.

निमित्तमात्र

अजून एक वजन तराजूच्या पलीकडच्या पारड्यात. एरहार्ड गेल्यावर आले कीसिंगर. १९३३ पासून नाझी पक्षाचे सदस्य राहिलेला माणूस, जॉन्सनशी काही दोस्ताना नाही. आणि यांना काय मिळालं? १९६७ मध्ये अमेरिका, ब्रिटन, जर्मनी अशी तिघांची बोलणी होऊन नवी व्यवस्था झाली. शस्त्रखरेदीचा धोशा गेला, त्याऐवजी जर्मन मध्यवर्ती बँकेने ५० कोटी डॉलरचे अमेरिकी रोखे घेतले, आणि बँकेचे प्रमुख ब्लेसिंग यांनी पत्र दिलं की आम्ही डॉलर देऊन सोनं मागणार नाही. जे एरहार्डना हवं होतं जवळजवळ तेच, सहा महिन्यांनी, परक्या माणसाला.

म्हणजे मैत्री नडलीच म्हणायची. एरहार्ड रागावणार नाहीत ही खात्री असल्यामुळेच त्यांना ताणलं. एक सरकार पडल्यावर वॉशिंग्टनला कळलं, दोरी तुटू शकते.

ज्वालामुखी

पहिल्यांदाच तुमच्याशी शंभर टक्के सहमत. घरात सगळ्यात जास्त राबतो तो मुलगा, आणि बोलणीही त्यालाच.

रिकामटेकडा

ते सगळं ठीक, पण कॅनेडी बर्लिनमध्ये 'मी जेलीचा डोनट आहे' म्हणाले होते हे खरं ना?

हायडलबर्गची सून

नाही! प्रत्येक धाग्यावर हे येतंच. 'इश बिन आइन बर्लिनर' हे बरोबर जर्मन आहे. बर्लिनच्या लोकांत मी मनाने सामील, असा अर्थ होतो. आणि जो गोड पदार्थ इतर ठिकाणी 'बर्लिनर' म्हणून मिळतो त्याला खुद्द बर्लिनमध्ये 'फानकूखन' म्हणतात. २६ जून १९६३ ला तिथे कुणीही डोनट ऐकला नाही. कॅनेडींनी ते वाक्य कार्डावर इंग्रजी उच्चाराप्रमाणे लिहून घेतलं होतं, आणि दुभाष्याने ते पुन्हा जर्मनमध्येच सांगितल्यावर, माझ्या जर्मनचं भाषांतर केल्याबद्दल आभार, असा विनोदही केला.

रिकामटेकडा

एक चांगली अफवा मेली. श्रद्धांजली. बरं, त्या बार्बेक्यूला श्रोडर पण होते असं वाचलं. इराकवरून धाकट्या बुशशी भांडले ते? तेव्हा तर शाळकरी असतील!

निमित्तमात्र

ते गेरहार्ड श्रोडर वेगळे, हे गेरहार्ड श्रोडर वेगळे. १९६३ चे परराष्ट्रमंत्री, दुसऱ्या पक्षाचे. जर्मन राजकारणातले हे आपले 'दोन पाटील' समजा.

ऑस्टिनवासी

चष्मिष्ट, तुमच्या गालिचा-टोपी सिद्धांताला सुरुंग लावायची वेळ आली आहे. काल परत जुने फोटो शोधले.

एप्रिल १९६१. जॉन्सन तेव्हा उपाध्यक्ष. त्याच रँचवर पाहुणा कोण? कोनराड आडेनाउअर. वय ८५. आणि डोक्यावर काय? हो. तीच. गुराख्याची टोपी! चेहरा मात्र नेहमीचाच, दगडी.

चष्मिष्ट

बसलो.

म्हणजे टोपी सगळ्यांनाच घातली जात होती, आणि आडेनाउअरनी ती गंभीर चेहऱ्याने घालून, घरी जाऊन काढून ठेवली. एरहार्डनी काढली नाही, एवढाच फरक? चार महिन्यांनी बर्लिनमध्ये भिंत उभी राहिली, तेव्हा अमेरिका भिंत पाडायला गेली नाही, आणि आडेनाउअरना त्याचं फार आश्चर्यही वाटलं नसावं. त्यांनी मग फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांच्याशी घसट वाढवली, जानेवारी १९६३ मध्ये फ्रान्सशी करार केला. म्हणजे दुसरं घर हाताशी ठेवलं. एरहार्डनी पॅरिसकडे पाठ फिरवली आणि एकाच घरी जेवत राहिले.

म्हणून 'मैत्री कामाला येत नाही' हे माझं मूळ वाक्य मागे घेतो, पानगळ यांना मान देऊन. पण एरहार्डबद्दलचं ठेवतो.

पानगळ

मान्य. निम्मा विजय, पण विजयच.

तिरपागडे

प्रश्न उरतो तो टोपीच्या मापाचा. ८५ वर्षांच्या हडकुळ्या म्हाताऱ्याला आणि एरहार्डना एकच माप बसलं कसं?

हायडलबर्गची सून

शेवटचं एक. काल जिन्यात आजी भेटल्या, तर फोनवर त्यांना तो एरहार्डचा टोपीवाला फोटो दाखवला. म्हटलं, ओळखता का? मला वाटलं हसतील, नाहीतर चिडतील.

त्यांनी चष्मा वर केला, फोन जवळ धरला. जून १९४८ मध्ये त्या दहा वर्षांच्या होत्या. नवं चलन आलं, माणशी ४० मार्क मिळाले, आणि या एरहार्डनी भावांवरची नियंत्रणं उठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा हात धरून निघाल्या तर कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काचेत भांडी, बूट, लोणी, सगळं मांडलेलं. आदल्या आठवड्यात तिथे एक खराटा होता. हे मी त्यांच्याकडून दहा वेळा ऐकलंय.

फोटो बराच वेळ पाहिला. टोपीबद्दल एक अक्षर नाही. फोन परत देताना म्हणाल्या, "आणि सिगार कुठाय त्यांची?"